टॉय कॅमेऱ्यात दर रोलला तोच लाल डाग? आधी निगेटिव्ह बघा

तक्रार साधारण अशी असते. होल्गा किंवा डायना (दोन्ही फिल्मवर चालणारे प्लॅस्टिकचे टॉय कॅमेरे) हातात आला, पहिल्या रोलवर फोटोच्या कडेला एक झकास नारिंगी ओघळ उतरला, बघणाऱ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या रोलवर तोच ओघळ, तिसऱ्यावरही तोच, आणि आता तो नेमका माणसांच्या तोंडावर येऊन बसतो. दुसऱ्या तक्रारीचा सूर उलटा: बाकीच्यांच्या फोटोंत काळवंडलेल्या कडा, एकात एक मिसळलेली चित्रं, पेटलेले रंग, माझे मात्र मिळमिळीत, नुसते जरा अस्पष्ट.

दोन्ही तक्रारींवर लोक एकच सल्ला देतात: 'टॉय कॅमेरा आहे, असाच असतो, मजा घ्या.' मला हा सल्ला पटत नाही. हे कॅमेरे लहरी वाटतात, पण आतली यंत्रणा इतकी साधी आहे की प्रत्येक डागाला पत्ता असतो. एक प्लॅस्टिकची लेन्स, एक स्प्रिंगचं शटर, एक खोकं आणि मागे लाल खिडकी. एवढ्या चार गोष्टींत गुन्हेगार शोधायला फार वेळ लागत नाही. तो सापडला की डाग घालवायचा की मुद्दाम आणायचा, हे आपण ठरवायचं.

खालचं सगळं मुख्यतः १२०च्या (मागे काळा कागद असलेल्या रुंद) रोलवर चालणाऱ्या होल्गा १२०एन आणि डायना एफ+ यांना धरून लिहिलंय. तशाच बांधणीच्या बाकी प्लॅस्टिक कॅमेऱ्यांनाही बहुतेक लागू पडेल.

डागाचा पत्ता कसा काढायचा

पहिली गोष्ट: स्कॅन बाजूला ठेवा आणि निगेटिव्हची पट्टी उजेडावर धरा. लॅबचा स्कॅन फ्रेमच्या कडा कापतो, आणि सगळा पुरावा त्या कडांवरच असतो. निगेटिव्हवर डाग गडद दिसेल, कारण तिथे प्रकाश जास्त पडलाय. आता एकच प्रश्न विचारा: हा गडदपणा फ्रेमच्या चौकटीत थांबतो, की चौकट ओलांडून फिल्मच्या कोऱ्या कडेवर, दोन फ्रेमच्या मधल्या पट्टीवर जातो?

चौकटीत थांबत असेल तर प्रकाश पुढून आलाय. म्हणजे लेन्सच्या बाजूने, शटरमधून किंवा लेन्स आणि फिल्म यांच्या मधल्या पोकळीतल्या एखाद्या फटीतून. फिल्मसमोरच्या प्लॅस्टिकच्या चौकटीने, म्हणजे मास्कने, तो अडवला, म्हणून त्याला सरळ कडा मिळाली. चौकट ओलांडत असेल तर प्रकाश मागून किंवा बाजूने आलाय, नाहीतर रोल कॅमेऱ्याबाहेर असताना लागलाय.

रंगीत निगेटिव्ह असेल तर रंगही साक्ष देतो. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सगळ्यांत खाली, पायाच्या, म्हणजे फिल्मच्या पाठीच्या, बाजूला असतो. त्यामुळे मागून घुसलेला प्रकाश आधी त्याच थराला भिडतो आणि फोटोत लाल-नारिंगी होऊन उतरतो. पुढून आलेली गळती बहुतेक पांढरट किंवा फिकट धुरकट दिसते. मात्र मागून आलेला प्रकाश फार जोरात असला तर तोही पिवळा, पुढे पांढरा होत जातो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. कृष्णधवल फिल्मवर तर हा पुरावा मुळातच नाही.

मग जागा बघा, आणि इथे हमखास गोंधळ होतो. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. फोटोत डाग वरच्या कडेला असेल तर फट कॅमेऱ्याच्या तळाशी शोधायची. फोटोच्या उजव्या कडेला असेल तर फोटो काढताना जी बाजू तुमच्या डाव्या हाताकडे असते, तिथे. डाग बरोबर ज्या कोपऱ्यात दिसतो त्याच कोपऱ्याला टेप लावून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे बरेच असतात.

शेवटी क्रम. सगळ्या फ्रेमवर त्याच जागी डाग असेल तर दोष कॅमेऱ्याचा. फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेम बिघडल्या असतील तर रोल भरताना प्रकाश लागलाय. फक्त शेवटच्या फ्रेमच्या वरच्या-खालच्या कडा कुरतडल्यासारख्या धुरकटल्या असतील तर काढताना लागलाय, कारण संपलेल्या रोलवर शेवटच्या फ्रेम सगळ्यांत बाहेरच्या वेढ्यात असतात. आणि तोच डाग कुठे ठळक, कुठे पुसट असेल तर आठवून बघा: ठळक डागाची फ्रेम गुंडाळण्याआधी कॅमेरा बराच वेळ उन्हात पडून होता का? गळती शटरच्या क्षणापुरती नसते. फ्रेम जितका वेळ त्या जागी थांबेल तितकी ती प्रकाश पीत राहते.

नेहमीचे गुन्हेगार

लाल खिडकी. फ्रेमचे आकडे बघायची ही खिडकी लाल ठेवायची पद्धत जुनी आहे, लाल प्रकाश न टिपणाऱ्या फिल्मच्या काळातली. आजची बहुतेक फिल्म लाल प्रकाश व्यवस्थित टिपते. मध्ये फिल्मचा काळा कागद असतो म्हणून निभावतं, पण वेगवान (कमी उजेडातही चालणारी) फिल्म, कडक ऊन आणि कागद दारापासून जरा सुटलेला असला की गोलसर, धूसर कडांचा लाल ठिपका येतो. उपाय साधा: खिडकीवर काळ्या कापडी टेपचा तुकडा दारासारखा लावा, एका कडेला टोक दुमडून ठेवा, आणि फक्त फिल्म पुढे नेताना, कॅमेरा स्वतःच्या सावलीत धरून, उघडा. विजेच्या कामाची चकचकीत टेप वापरू नका. उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि खिडकीवर चिकट थर राहतो.

फोटोत ठिपक्याऐवजी कागदावरचे आकडे किंवा बाण उमटले असतील तर तो बहुधा खिडकीचा दोष नाही. जुनी, उष्ण-दमट जागी राहिलेली फिल्म असली की कागदाची शाई फिल्मवर आपली खूण सोडते. तिथे टेप लावून काही होणार नाही, रोल बदला.

होल्गाचं मागचं दार. ते दोन बाजूंच्या धातूच्या कड्यांवर टिकून असतं, आणि त्या कड्या गळ्यातल्या पट्ट्याच्या ओढीने वर सरकतात. कधीकधी रस्त्यात दार चक्क गळून पडतं. रोल भरला की दोन्ही बाजूंच्या फटींवर आणि कड्यांवर कापडी टेप. कुरूप दिसतं, पण टेप लावलेला होल्गा हाच होल्ग्याचा खरा चेहरा आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात मीही.

लेन्समागची पोकळी. पाठ उघडून आत बघा. शटर आणि फ्लॅशच्या जोडणीकडे जाणारी बारीक भोकं तिथे दिसू शकतात. चौकटीत थांबणारी गळती बहुतेक इथून येते. आतून काळ्या टेपचे तुकडे लावा, पण शटरच्या पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. काही कॅमेऱ्यांत ही पोकळी चकचकीत असते. मग गळती नसतानाही आकाशाचा उजेड भिंतींवरून परावर्तित होतो आणि सगळा फोटो दुधाळ, बिनकाँट्रास्टचा येतो. आतून चकाकी नसलेला काळा रंग किंवा काळा मखमली कागद लावला की हे थांबतं.

सैल गुंडाळलेला रोल. संपलेला रोल बाहेर काढल्यावर बोटांखाली लिबलिबीत लागला, कागदाच्या कडा स्पूलच्या (फिल्म गुंडाळायच्या रिळाच्या) चकत्यांपलीकडे आल्या, की समजा प्रकाश आत गेलाय. या कॅमेऱ्यांत भरलेल्या स्पूलला ताण द्यायची धड सोय नसते. फिल्मच्याच खोक्याचा एक तुकडा कापा, दोनदा दुमडा आणि भरलेल्या स्पूलखाली असा सरकवा की स्पूल फिरेल, पण थोडा अडून. स्पंजची पट्टीही चालते. भरताना दार लावेपर्यंत अंगठ्याने स्पूल दाबून ठेवायची सवय लावा. आणि भरणं-काढणं उन्हात नको.

विमानप्रवासातून आलेल्या रोलवर सगळीभर धूसर पट्टे असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. नव्या सीटी स्कॅनरमधून फिल्म जाऊ देऊ नये, हाताने तपासायला सांगावं.

तरीही सापडत नसेल तर

एक रोल खर्ची घाला, स्वस्तातला. लेन्सवर झाकण ठेवा, वर टेप लावा, कॅमेऱ्याच्या सगळ्या फटी आणि खिडकीही टेपने बंद करा. आता पहिली फ्रेम तशीच एक मिनिट उन्हात धरा, सगळ्या बाजूंनी फिरवत. मग एक फ्रेम कोरी सोडा, कारण मागून येणारा प्रकाश शेजारच्या फ्रेमवरही सांडतो. पुढच्या फ्रेमला फक्त खिडकीची टेप काढा, पुन्हा एक मिनिट. परत लावा, एक कोरी. मग फक्त डावी फट, मग उजवी, मग तळ. सगळ्यांत शेवटी लेन्सचं झाकण काढून, शटर न दाबता, पुढचा भाग उन्हाकडे. काय कधी उघडलं ते कागदावर लिहून ठेवा. रोल धुऊन आला की पट्टीवर उत्तर छापलेलं असतं, तर्क लढवायची गरज राहत नाही. झाकण काढलेली फ्रेम काळवंडली असेल तर शटरच नीट मिटत नाहीये, आणि मग बाहेरून कितीही टेप लावली तरी व्यर्थ.

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात बारीक टॉर्च ठेवून बाहेरून बघायची युक्तीही लोक सांगतात. मोठ्या फटी तिने सापडतात. वळणं घेत येणारा प्रकाश मात्र डोळ्याला दिसत नाही, फिल्मला दिसतो.

डाग हवा असेल तर

आता मुख्य मुद्दा, कारण बरेच जण सगळं सीलबंद केल्यावर हळूच विचारतात, 'पण तो ओघळ छान होता हो, परत आणता येईल का?' येईल, आणि आता हव्या त्या फ्रेमवर.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: फिल्मवर प्रकाश साठत जातो. जिथे आधीच भरपूर प्रकाश पडलाय, तिथे नव्याला दिसायला जागा उरत नाही. जिथे सावली आहे, तिथे थोडासा प्रकाशही उठून दिसतो. गळतीला हे लागू आहे, डबल एक्स्पोजरला, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो घेण्याला, तर आणखी. म्हणून ओघळ फोटोच्या उजव्या कडेला हवा असेल तर चौकट अशी बांधा की उजवीकडे गडद भिंत, झाडी, सावली असेल. तिथे पांढरं आकाश ठेवलंत तर फट कितीही वेळ उघडी ठेवा, हाती काही लागणार नाही.

कृती अशी: फोटो काढा, फिल्म पुढे नेऊ नका. ठरलेल्या फटीची टेप उचला, ती बाजू सूर्याकडे धरा, एक-दोन सेकंद मोजा, टेप दाबा. मग पुढे न्या, आणि शक्य असेल तर एक फ्रेम कोरी सोडा. किती सेकंद हे तुमच्या कॅमेऱ्याच्या फटीवर अवलंबून आहे, म्हणून पहिल्या रोलवर एक, दोन, चार, आठ असं चढत जा आणि लिहून ठेवा. फटीवर रंगीत जिलेटीनचा तुकडा धरला तर ओघळाचा रंगही बदलता येतो, पण मागून येणारा प्रकाश लालाकडेच झुकतो, तेव्हा निळ्याची फार आशा नको.

डबल एक्स्पोजर नको तिथे होतं, हवं तिथे पांढरं फटक येतं

नको तिथे होण्याचं कारण उघड आहे. यांत शटर आणि फिल्म पुढे नेण्याची चक्री एकमेकांना बांधलेली नाहीत. खटका कितीही वेळा दाबा, कॅमेरा अडवत नाही. एकच शिस्त पाळा: एकतर नेहमी फोटो काढल्या काढल्या फिल्म पुढे न्यायची, किंवा नेहमी पुढच्या फोटोच्या आधी. दोन्ही पद्धती बऱ्या, त्यांची भेसळ वाईट.

हवं तिथे फटक येण्याचं कारण हिशेबात आहे. होल्गाचं शटर साधारण १/१०० सेकंदाच्या आसपास, आणि छिद्र लेन्सवर लिहिलेल्या एफ/८ पेक्षा प्रत्यक्षात लहान, जवळपास एफ/१३ (एफचा आकडा मोठा तसं छिद्र लहान). कडक उन्हात आयएसओ (फिल्मची प्रकाश टिपायची गती) १०० ची फिल्म १/१०० सेकंदाला एफ/१६ वर बरोबर उतरते. म्हणजे उन्हात होल्गात आयएसओ १०० घातली तर एका खटक्यात अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त, दोन खटक्यांत दीड-दोन स्टॉप जास्त. रंगीत निगेटिव्ह फिल्म एवढं पचवते. तेच आयएसओ ४०० घालून उन्हात दोनदा दाबलं तर साडेतीन स्टॉपच्या पुढे जातं आणि दोन्ही चित्रं धुक्यात जातात. उन्हातल्या डबलसाठी १०० घ्या, ढगाळ हवेत किंवा सावलीत ४००. स्लाइड फिल्मवर हे प्रयोग नकोत, तिला अर्ध्या स्टॉपचीही चूक खपत नाही.

'ऊन' आणि 'ढग' यांची कळ आहे ना, असं कुणी म्हणेल. जुन्या होल्गांत ही कळ नुसती शोभेची आहे. उन्हासाठी आड येणारं भोक मागच्या कायमच्या छिद्रापेक्षा मोठं असतं, त्यामुळे काहीच बदलत नाही. शटर बीवर (खटका दाबून धरू तोवर ते उघडं राहतं) ठेवून, रिकाम्या कॅमेऱ्याच्या मागून बघत कळ हलवा. भोकाचा आकार बदलला तर कळ खरी, नाहीतर विसरा.

आणि चित्रांची निवड. पहिल्या खटक्याला आकाशासमोर उभ्या माणसाची काळी छाया घ्या, दुसऱ्याला पानं, फुलं, विटांची भिंत. पानं फक्त त्या काळ्या आकृतीत उमटतील, कारण आकाशाची जागा आधीच भरलेली आहे. दोन्ही चित्रं उजळ घेतली की नुसती खिचडी होते. व्ह्यूफाइंडरवर भरवसा कमी ठेवा. तो फिल्मपेक्षा कमी दाखवतो आणि जवळच्या वस्तूला बाजूला सरकलेला असतो, म्हणून दोन आकृत्या अगदी काठाला काठ जुळवायचा हट्ट नको.

सगळ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवर सारख्याच रुंदीने चढलेल्या असतील तर ते डबल एक्स्पोजर नाही. मागच्या खिडकीचा बाण १६ वर (रोलवर १६ फोटो) आहे आणि आत मास्क १२ फ्रेमचा चौकोनी बसवलाय. उलट असेल तर दोन फ्रेमच्या मधे रुंद कोऱ्या पट्ट्या दिसतील. बाण आणि मास्क जुळवा, बाणावर टेप लावा, कारण तो पिशवीत आपोआप सरकतो. लांबलचक सलग चित्र हवं असेल तर मात्र हीच विसंगती मुद्दाम वापरता येते.

कडा काळ्या का होत नाहीत

बहुतेक वेळा दोष मास्कचा. १६ फ्रेमचा मास्क कोपरे कापतो, आणि लेन्सची खरी मजा कोपऱ्यांतच असते. मास्क काढून चौकोनी फ्रेम घ्या. दुसरं कारण जास्त एक्स्पोजर, आणि तिसरं, ज्याकडे कुणी बघत नाही, लॅब. स्कॅनर आपणहून उजेड आणि रंग 'सुधारतो', कडा कापतो, लाल ओघळ सौम्य करतो. रोल देतानाच सांगा: पूर्ण फ्रेम, कडांसकट, रंगदुरुस्ती न करता. निम्म्या 'इफेक्ट येत नाही' तक्रारी या एका वाक्याने मिटतात. काळवंडलेल्या कडा दिसायला कोपऱ्यांत काहीतरी उजळ लागतं, हेही आहेच. गडद झाडीत त्या असूनही दिसत नाहीत.

उरलेलं, झटपट

सगळे फोटो हललेले आणि फिके: शटरची कळ एनवरून (नेहमीचं शटर) बीवर सरकली आहे. तीही टेप लावायची जागा. डायना एफ+ मध्ये सगळं जवळपास कोरं: छिद्राची पट्टी पिनहोलवर, म्हणजे टाचणीएवढ्या छिद्रावर, गेली आहे.

मधला भागही हललेला: खटका दाबताना कॅमेरा खाली झुकतो. खालून हाताचा आधार द्या आणि खटका हळू दाबा. नुसत्या कडा अस्पष्ट असतील तर ती लेन्सच तशी आहे, तिला हात लावू नका.

रेडस्केल, म्हणजे फिल्म उलटी घालून पायाच्या बाजूने प्रकाश देणं, जवळजवळ काळं-लाल आलं: प्रकाश कमी पडला. उलट्या बाजूने फिल्मची गती साधारण दोन स्टॉपने घटते, ४०० ची फिल्म १०० सारखी वागते. ती फक्त कडक उन्हात वापरा. ढगाळ असेल आणि कॅमेरा स्टँडवर असेल तर त्याच फ्रेमवर खटका दोन-चार वेळा दाबा. एरवी डोकेदुखी ठरणारं सुटं शटर इथे एक्स्पोजर वाढवायच्या कामी येतं. प्रकाश वाढवत नेला की लाल नारिंगीकडे आणि पुढे पिवळ्याकडे सरकतो.

होल्गात ३५ मिमीचा रोल घालून फिल्मच्या कडेच्या भोकांवरही चित्र आणायचं होतं, पण सगळा रोल धुरकट: या फिल्मला काळा कागद नसतो. खिडकी आतून आणि बाहेरून कायमची बंद करा, आकडे दिसणार नाहीत म्हणून चक्रीच्या टकटकी मोजून पुढे न्या, आणि संपल्यावर दार उघडू नका. रोल परत गुंडाळायची सोय या कॅमेऱ्यात नाही. पूर्ण अंधारात किंवा फिल्म बदलायच्या काळ्या पिशवीत हात घालून, फिल्म हाताने तिच्या डबीत परत भरावी लागते. लॅबमध्ये तसाच कॅमेरा नेऊन दिला आणि आत ३५ मिमीची फिल्म आहे हे आधी सांगितलं, तर ते काम बहुतेक तेच करून देतात.